बेडसाइड क्रिब घेताय? आधी बेडची मापं घ्या, मग क्रिब बघा

डोहाळजेवण झालं की बाळाच्या सामानाची यादी सुरू होते आणि हल्ली त्या यादीत बेडसाइड क्रिब हमखास असते. म्हणजे आपल्या बेडला एका बाजूने चिकटवून लावायची छोटी कॉट, जिची आपल्याकडची बाजू चेन उघडून खाली पाडता येते आणि बाळ हाताच्या अंतरावर पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर झोपतं. माझं सिझर झालेलं, रात्री सारखं उठून बसायचं म्हणजे टाके ओढले जायचे, त्यामुळे ही वस्तू मला खरंच खूप उपयोगी पडली. पण दोन आठवडे आमच्याकडे ती चुकीची लावलेली होती आणि मला ते कळलंही नव्हतं.

झालं असं की पहिले तीन महिने मी माहेरी साताऱ्याला होते, तिथे आईकडचा जुना सागवानी पलंग, उंच पायांचा, खाली भरपूर जागा, त्याला क्रिब एकदम छान बसली. मग आम्ही पुण्याला घरी आलो आणि इथे आमचा बॉक्स बेड, जमिनीपर्यंत बंद. क्रिबचे पाय बेडखाली जाईनात, मध्ये अडीच इंचाची फट राहिली, आणि मी त्या फटीत टॉवेलची गुंडाळी कोंबून दिली. साडेतीन महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा बोलता बोलता डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले आज घरी गेल्यावर आधी तो टॉवेल काढा, आणि फट बुजत नसेल तर क्रिब बेडला लावूच नका, लांब ठेवा. त्यांनी कारण सांगितलं ते ऐकून मी त्या रात्री झोपले नाही. एवढ्या लहान बाळाला दर वेळी मान उचलून तोंड बाजूला करता येईलच असं नाही, हातांनी स्वतःला मागे ढकलता येईलच असं नाही. घरंगळत जाऊन तोंड फटीत किंवा मऊ कापडात दाबलं गेलं तर ते रडेलच असंही नाही, आवाजाशिवाय श्वास अडकू शकतो.

म्हणून रंग, ब्रँड, सवलत हे सगळं नंतर. ज्या क्रमाने मी आता परत घेतली असती त्या क्रमाने सांगते.

बाळ कुठे कुठे झोपणार आहे ते आधी लिहून काढा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी, मग सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी सासरी. म्हणजे एकच क्रिब दोन वेगळ्या बेडना बसायला हवी, आणि ती घडी होऊन गाडीच्या डिकीत जायला हवी. दोन्हीकडचे बेड मोजा. तुम्ही माहेरी असाल आणि सासरचं माप नसेल तर नवऱ्याला फोन करून टेप घेऊन बसवा, व्हिडिओ कॉलवर मोजून घ्या, पण अंदाजावर जाऊ नका.

काही घरांत बाळ यायच्या आधी सामान आणत नाहीत, आमच्याकडेही आजीला ते आवडत नव्हतं. त्याला वाद घालायची गरज नाही. मापं घेऊन ठेवा, मॉडेल ठरवून ठेवा, बाळ झाल्यावर घरच्यांनी फक्त ऑर्डर द्यायची. फक्त डिलिव्हरीला किती दिवस लागतात आणि जोडून द्यायला माणूस येतो का ते आधी विचारून ठेवा, कारण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कोणालाच स्क्रू पिळत बसायला वेळ नसतो.

काय काय मोजायचं

जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या काठापर्यंतची उंची. हे माप सगळ्यात महत्त्वाचं. गादी फोम किंवा कॉयरची असेल तर सोपं आहे. कापसाची असेल तर तिच्यावर कोणीतरी झोपल्यावर मोजा, कारण ती बसते, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत गादी पिंजून घ्यायचा विचार असेल तर आत्ताच घ्या. पिंजून आलेली गादी चांगली फुगून येते आणि तुमचं आधीचं माप वाया जातं.

दुसरं, बेडखाली जागा आहे का आणि किती. बऱ्याच बेडसाइड क्रिबचे पाय आडवे, बेडखाली सरकणारे असतात, तरच ती खेटून उभी राहते. बॉक्स बेड किंवा हायड्रॉलिक स्टोरेजवाला बेड असेल तर खाली जागाच नसते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये निम्म्या घरात असेच बेड दिसतात, पण क्रिबच्या जाहिरातीतला बेड मात्र कायम उघड्या पायांचा असतो, हे मला नंतर लक्षात आलं. बॉक्स बेड असेल तर ज्यांचे बेडकडचे पाय आत दुमडता येतात किंवा सरळ खाली येतात असंच मॉडेल बघा आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा की बॉक्स बेडला बसेल का.

तिसरं, बेडची लाकडी कड. गादी फ्रेमच्या आत बसवलेली असेल तर बाहेर एक-दोन इंचाची फळी येते. क्रिब त्या फळीला टेकते, गादीला नाही, आणि तिथेच फट तयार होते. टेप लावून बघा. फळी बाहेर येत असेल तर गादी त्या बाजूला सरकवून उपयोग नाही, ती रात्रीतून परत जागेवर जाते, शिवाय दुसऱ्या बाजूला नवीन फट पडते.

चौथं, बेड आणि भिंत किंवा कपाटामध्ये किती जागा आहे. वन बीएचकेमध्ये बेडच्या एका बाजूला दीड फूटच राहतो. क्रिबची रुंदी साधारण ५० ते ६० सेंटीमीटर असते, मग तुम्ही उतरणार कुठून? सिझर झालेल्या बाईला पायाकडून सरकत उतरायला लावू नका. जागा नसेल तर बेड एका भिंतीला सरकवून दुसऱ्या बाजूला जागा करता येते का बघा, कपाटाचं दार उघडतं ना तेही.

बेडला नाहीच बसली तर

निराश होऊ नका, हे मला मुद्दाम सांगायचंय. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांमध्ये बाळाने आईबाबांच्याच खोलीत पण स्वतंत्र सपाट जागेवर झोपावं, निदान पहिले सहा महिने, असं सांगितलंय. बेडला चिकटूनच असायला हवं असं कुठेही नाही. आम्ही शेवटी तेच केलं, क्रिबची चारही बाजू वर करून बेडपासून एक फुटावर ठेवली, मी हात लांब केला की बाळाच्या छातीला लागायचा. उठून बसावं लागायचं तेवढं खरं, पण शांत झोप लागायची. मात्र ज्या क्रिबची चौथी बाजू पूर्ण वर येते आणि लॉक होते तीच अशी एकटी वापरता येते. काहींची बाजू कायम बुटकीच असते, त्या बेडशिवाय वापरायच्याच नाहीत. घेताना हे एक बघून घेतलंत तर मापात चूक झाली तरी पैसे वाया जात नाहीत.

दुकानात गेल्यावर

शक्य असेल तर एकदा तरी प्रत्यक्ष बघा, मग हवं तर ऑनलाइन घ्या. किमती पाच-सहा हजारांपासून सुरू होतात त्या पार वीसच्या पुढे जातात, आणि महाग म्हणजे सेफ असं अजिबात नाही, बऱ्याचदा जास्तीचे पैसे झुलवायच्या मोटरला आणि म्युझिकला असतात.

आधी हलवून बघा. उभी करून वरच्या काठाला धरून डावीउजवीकडे हलवा, लचकली, खुळखुळली तर सोडून द्या. चाकं असतील तर ब्रेक लावून ढकला, आपल्या घरातल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर साधी चाकं ब्रेक लावूनही घसरतात, रबरी चाकं बरी. झुलणारी असेल तर झुलणं पूर्ण बंद करायचा लॉक आहे का, तो घट्ट बसतो का. बाळ झोपल्यावर क्रिब स्थिर, सपाट असायला हवी.

मग बेडला बांधायचे पट्टे मागून घ्या आणि बघा. हे पट्टे बेडच्या पलीकडच्या बाजूपर्यंत किंवा फ्रेमला पुरतात का? आपला सहा फुटी बेड असतो, पट्टा आखूड असला की लोक एकच बांधतात किंवा बांधतच नाहीत. पट्टे नसलेली बेडसाइड क्रिब घेऊच नका.

खाली पाडलेल्या बाजूलासुद्धा एक बुटकी कड राहिली पाहिजे, पूर्ण सपाट नको. युरोपातल्या ईएन ११३० या २०१९ च्या स्टँडर्डप्रमाणे बाळाच्या गादीपासून ही कड किमान १२० मिलिमीटर असावी लागते, म्हणजे पावणेपाच इंच. लावताना त्या कडेचा वरचा काठ आणि तुमच्या गादीचा वरचा काठ एका लेव्हलला आणायचा. यासाठीच तर उंचीचं माप घेतलं आपण. उंची बदलायचे टप्पे असतात, तुमची उंची दोन टप्प्यांच्या मध्ये येत असेल तर दुसरं मॉडेल बघा, खाली पुस्तकं, विटा ठेवून उंची जुळवू नका.

बाजूंना जाळी असेल तर ती ताणलेली हवी, बोट अडकेल एवढी भोकं नकोत. लाकडी गजांची असेल तर दोन गजांमधली जागा ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. सुताराकडून करून घेणार असाल तर हे माप त्याला कागदावर लिहून द्या, कोपऱ्याला शोभेचे उंच खांब करू नका म्हणावं, कपडे अडकतात, आणि पॉलिश बाळ यायच्या चांगलं आधी पूर्ण वाळून वास गेलेला असू दे.

आता सगळ्यात घरगुती टेस्ट. आडवं पडल्यासारखं बसा आणि एका हाताने, डाव्या आणि उजव्या दोन्ही, ती चेन उघडून बाजू खाली पाडून बघा. रात्री तीन वाजता दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. चेनचा आवाज किती येतो तेही ऐका!

गादी, आणि तिच्यावर काय नाही

क्रिबसोबत येणारी गादी हाताला कडक लागते, सगळ्यांना लागते. आजी, आत्या, मावशी सगळ्या येऊन हात लावून म्हणतात अगं लेकराला टोचेल, खाली गोधडी घाल. नका घालू. नवजात बाळाला कडक, सपाट गादीच लागते, तळहाताने दाबून हात उचलला की लगेच परत वर यायला हवी, हाताचा खळगा राहिला तर ती मऊ आहे. वरून दुसरी गादी टाकली की दोन गोष्टी बिघडतात, एक तर बाळ रुततं आणि दुसरं म्हणजे ती बुटकी कड आणखी बुटकी होते. क्रिबची बाजू आणि तिची गादी यात दोन बोटं गेली तर गादी लहान आहे समजा.

वर एकच चादर, ताणून बसलेली. बाजारात मापाची मिळत नसेल तर मऊ सुती कापड आणून शिंप्याकडून चारही बाजूंनी इलॅस्टिक घालून शिवून घ्या, मी तशा सहा शिवून घेतल्या होत्या, पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून सहा. जुन्या धोतराचं कापड फार छान होतं त्याला, पण शिवलेलं, नुसतं पसरलेलं नको.

आणि मग त्यात बाळ. बाकी काही नाही. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत, पांघरूण नाही, बाजूला लावायचे ते गुबगुबीत बंपर नाहीत. दुकानात सेट म्हणून हे सगळं एकत्र देतात आणि दिसतं इतकं गोड की मोह होतोच. अमेरिकेत मे २०२२ मध्ये कायदा करून असे फुगीर बंपर आणि बाळाला तिरकं झोपवायची आसनं दोन्हीवर बंदी घातली गेली. त्याआधी २०१९ मध्ये तिथे अशाच एका तिरक्या आसनाचे जवळजवळ ४७ लाख नग बाळांच्या मृत्यूंनंतर बाजारातून परत मागवले होते. आपल्याकडे बंपरवाले सेट सर्रास मिळतात, म्हणून मिळतंय म्हणजे चालत असेल असं धरून चालू नका.

तिरकं करायच्या सोयीबद्दल वेगळं सांगते कारण याला चांगली चांगली माणसं फसतात. बऱ्याच क्रिबना एका बाजूचे पाय वर करून डोक्याकडची बाजू उंच करता येते आणि विक्रेता सांगतो की बाळ दूध ओकत असेल तर हे वापरा. वापरू नका. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कमजोर, तिरकं ठेवलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिमटते. उलट सपाट पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध श्वासात जायला त्याला वर चढावं लागतं. पाठीवर झोपवलं तर ठसका लागून गुदमरेल ही आपली जुनी भीती आहे, पण अमेरिकेत १९९४ पासून पाठीवर झोपवायची मोहीम चालवल्यावर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याने कमी झालं. ओकण्याचा त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा, क्रिबला टेकू देऊ नका.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना

मोहरीची उशी, साडीची झोळी, छताच्या कडीला टांगलेला पाळणा, कुंची, टोपडं, या सगळ्यात माया आहे आणि मी स्वतः झोळीत वाढले आहे. त्यामुळे "हे डेंजरस आहे, काढा" असं म्हटलं की सासूबाईंना वाटतं आपण त्यांना काही कळत नाही म्हणतोय. मी सगळ्या गोष्टींना दुसरी जागा दिली. बारशाला पाळणा हवाच, सजवून, बाळाला घालून, गाणी म्हणून सगळं साग्रसंगीत केलं, कार्यक्रम झाला की बाळ क्रिबमध्ये. आईने शिवलेली गोधडी दिवसा जमिनीवर घालायची आणि बाळ जागं असताना समोर बसून त्याला पोटावर ठेवायचं, त्याने मान धरायला मदत होते आणि डोकंही एका बाजूने चपटं होत नाही, मग मोहरीच्या उशीचा विषय आपोआप संपला. झोळीत झोप लागली तर उचलून क्रिबमध्ये, कारण झोळीत अंग गोल होतं आणि तीच हनुवटी छातीला टेकायची भानगड होते. सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले आणि त्यांच्याच तोंडून ऐकवलं, त्यानंतर रात्री उशी काढून ठेवणाऱ्या त्याच होत्या.

शेक-शेगडी करत असाल तर क्रिब त्या खोलीतच नको. जाळी, कापड, गादी सगळं सिंथेटिक असतं, एक ठिणगी पुरे, आणि धुरीचा धूर बाळाच्या छातीला चांगला नाही. काळा दोरा, गळ्यातलं, वरून लोंबणारं खेळणं किंवा पाळण्याची दोरी, झोपेत काहीही गळ्याशी येईल असं नको.

डास आणि उकाडा

आपल्याकडचा खरा प्रश्न हा आहे आणि परदेशी मॅन्युअलमध्ये याचं उत्तर नसतं. एक बाजू उघडी ठेवली की क्रिबची स्वतःची मच्छरदाणी बिनकामाची होते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खिडक्यांना जाळी, वेल्क्रोवाली लावली तरी चालते, आणि संध्याकाळी दार बंद. नाहीतर बेड आणि क्रिब दोन्ही मिळून झाकेल अशी मोठी मच्छरदाणी, चारही बाजूंनी ताणून बांधलेली, बाळाच्या जवळपास लोंबणारी नको. तिच्या कडा खोचताना बेड आणि क्रिबच्या मध्ये खोचू नका, तिथे फट पडते, क्रिबच्या बाहेरून सोडा.

पंखा चालू असू दे, थेट झोत नको एवढंच. बाळाचे हातपाय गारच लागतात, त्यावरून ठरवू नका, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. घरात झोपताना टोपडं नको, डोक्यावाटे बाळ बरीच उष्णता बाहेर टाकतं. दुपट्यात गुंडाळत असाल तर पाठीवरच झोपवा, छातीच्या वर कापड येऊ देऊ नका, आणि बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

रोजची दोन मिनिटं

क्रिब पहिल्या दिवशी सगळे नीट लावतात. बिघडते ती नंतर. सकाळी फरशी पुसायला मावशी क्रिब बाजूला सरकवतात, पट्टे सोडले जातात, आणि रात्री ते परत बांधायचे राहतात. त्यामुळे झोपायच्या आधी रोज एकदा गुडघ्यावर बसा, पट्टे ओढून बघा, ब्रेक बघा, दोन गाद्यांच्या मधून हात फिरवा. फट नाही, मग झोपा. हे काम बाबाकडे द्या, आईकडे आधीच पुरेशी कामं असतात.

तुमची उशी आणि पांघरूण क्रिबच्या बाजूला नको, ते झोपेत घसरून आत जातं. दूध पाजून झालं की बाळ परत त्याच्या जागेवर. आणि झोप अनावर होत असेल तर सोफ्यावर बसून कधीही पाजू नका, सोफ्याच्या खाचेत बाळ अडकणं हे बेडपेक्षाही जास्त धोक्याचं आहे. डोळा लागेल असं वाटलं तर उशा, पांघरूण बाजूला करून बेडवर पाजा आणि जाग येताच बाळाला क्रिबमध्ये ठेवा. बाळ वेळेआधी झालेलं असेल किंवा वजन कमी असेल तर कुठे आणि कसं झोपवायचं ते डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारून घ्या.

वापरलेली घ्यायची असेल आणि कधी थांबायचं

वापर पाच-सहा महिन्यांचाच असतो त्यामुळे बहिणीची, मैत्रिणीची किंवा भाड्याने घेतलेली क्रिब यात काहीच कमीपणा नाही. फक्त मॉडेलचं नाव शोधून ती परत मागवलेली नाही ना बघा, सगळे स्क्रू, पट्टे, मूळ गादी आहे ना बघा, जाळीला टाके घातलेले असतील किंवा वायर, दोरीने काही बांधलेलं असेल तर नका घेऊ.

बाळ हात आणि गुडघ्यांवर स्वतःला उचलायला लागलं, किंवा मॅन्युअलमधली वजनाची मर्यादा आली, बहुतेकांची ९ किलोच्या आसपास असते, की क्रिब बंद. आपली बाळं सहाव्या महिन्यात नऊ किलोची क्वचितच होतात, त्यामुळे वजनाकडे बघत बसलात तर उशीर होईल, हालचालीकडे बघा. माझी मुलगी साडेपाच महिन्यांची असताना एका सकाळी क्रिबच्या कडेवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होती. त्याच दिवशी घडी करून वर ठेवली आणि मोठी, उंच कठड्यांची कॉट लावली. पुढे क्रिब मैत्रिणीला दिली, स्क्रूंची पिशवी, मॅन्युअल आणि शिवलेल्या सहा चादरी आतच ठेवून, आणि वर एक चिठ्ठी: बॉक्स बेडला बसत नाही, चारही बाजू वर करून वापर.